एका पायावरची शपथ

आमच्या गावात सरपंच माणसं निवडत नाहीत, देव निवडतो. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणतं. फक्त निर्णय काय झाला हे देवालाही आधी नीटसं कळत नसावं. कारण दर पाच वर्षांनी मतदानयंत्रं मागवावी लागतात, शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि मोजणीच्या दिवशी चिखलीला जाऊन उन्हात ताटकळावं लागतं.

गाव अमडापूरच्या बाजाराला जाणारं. सोयाबीन, तूर, हरभरा. वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ, त्याला लागून महादेवाची पिंड, समोर पार. खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती आणि विहार. पाणी वरून खाली वाहतं हा निसर्गनियम आमच्या वस्तीइतका कोणाला पाठ नसेल. पाराजवळच्या हापशावरच्या आंघोळी, धुणी, भांडी, देवळाच्या फरशीचं धुणं, सगळं उतरत उतरत आमच्या दारांसमोरून जातं. माझ्या आठवणीतल्या प्रत्येक सरपंचानं तिथं नाली बांधायचं वचन दिलं होतं. वचनं पक्की होती, नाली कच्चीसुद्धा नव्हती.

त्या सांडपाण्याच्या काठावर माझ्या बायकोची चक्की आहे. मी चिखलीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. मी पुस्तकं सांभाळतो, ती पीठ दळते, आणि आम्हा दोघांपैकी गावाला कोणाची गरज आहे हे सांगण्याची गरज नाही. चक्कीवर डबा घेऊन येणाऱ्या बाईला पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत यावं लागायचं. एक दगड हलता होता. तो ज्यांना माहीत नव्हता त्यांचं पीठ वर्षातून एकदा तरी पाण्यात जायचं. बायको मग स्वतःच्या घरातलं पीठ द्यायची आणि नालीबद्दल काही तरी बोलायची. ते काही तरी मी इथं लिहीत नाही.

सरपंचपद अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव निघालं, त्या दिवशी संध्याकाळी भाऊ आमच्या घरी आले. भाऊ म्हणजे वरच्या आळीतले मोठे शेतकरी आणि माजी सरपंच. गावातल्या दोन पॅनलांपैकी एक त्यांचं. माणूस वाईट नाही. निवडणूक नसेल तेव्हा तर चांगलाच आहे. चहा होईपर्यंत ते पावसाबद्दल बोलले आणि चहा झाल्यावर म्हणाले की आमच्या पॅनलकडून वहिनी उभ्या राहिल्या तर बरं होईल. बायकोनं एकच विचारलं, नाली होईल का. भाऊ म्हणाले, होईल. ती म्हणाली, मग राहते. माझं मत कोणी विचारलं नाही. मी टिपॉयवरचे कप उचलले.

सगळं ठरल्यावर, जाता जाता, चपला घालत भाऊ म्हणाले की शनिवारी मारुतीपुढं नारळ फोडून प्रचाराला सुरुवात करू.

"नारळ तुमी फोडा," बायको म्हणाली. "मी नाई फोडनार."

भाऊंनी पुन्हा चपला काढल्या.

आमच्या घरात समोरच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली. भांडी मागाहून आली, फ्रेम आधी आली. भाऊंनी चष्मा लावला आणि फ्रेमसमोर उभे राहून, सातबारा वाचावा तशा त्या सुरुवातीपासून वाचल्या. पहिल्या दोन ओळींत बऱ्याच देवांची नावं होती, पण मारुतीचं नव्हतं. भाऊंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तिसऱ्या ओळीत "इत्यादी" आलं आणि भाऊ तिथंच थांबले.

"या इत्यादीनं घोटाळा केला," ते म्हणाले.

मग खाली बसून त्यांनी तिला समजावलं. पाया पडू नका. कुंकू लावू नका. फक्त नारळाला हात लावा, फोडतो मी. ती म्हणाली, तुम्हाला हात आहेत की. भाऊ म्हणाले, तसं नाही, लोक पाहतात ना. ती म्हणाली, "तेच तं सांगून राह्यली. लोकं पाह्यतात."

या वाक्यावर भाऊ निघून गेले. चिडून नाही, हिशेब मनात मांडत.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. निवडणूक आली की दोन्ही पॅनलं मतदारांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावतात. तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर हळद, समोर मारुती, आणि "अमक्यालाच मत देईन" असं म्हणायचं. याला बेल उचलणं म्हणतात. बेल उचलून मत फिरवणाऱ्याचं वाटोळं होतं असं सगळे मानतात. पण माणूस दोन्ही पॅनलांचा शेजारी असतो. कोणाच्या विहिरीवरून पाणी घेतलेलं असतं, कोणाच्या ट्रॅक्टरनं नांगरट झालेली असते, नाही कोणाला म्हणणार? म्हणून शपथेला एक पळवाटही गावानंच काढून ठेवली आहे. बेल उचलताना एक पाय जमिनीवरून किंचित उचललेला असला, तर शपथ लागत नाही. त्यामुळे ऐन प्रचारात संध्याकाळी देवळात गेलात तर थोर दृश्य दिसतं. हातात बेल, डोळे मिटलेले, मुखी मारुती, आणि निम्मं गाव धोतराच्या, लुगड्याच्या, पँटीच्या आडून बगळ्यासारखं एका पायावर उभं.

लोक आम्हाला हसतील म्हणून सांगतो, हे काही फक्त आमच्या गावाचं नाही. आमच्याच जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला एका गावी शेतात घट मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातल्या विड्यासुपारीची हालचाल पाहून देशाचा राजा टिकणार की नाही ते सांगतात. शहरातली वर्तमानपत्रं ते छापतात. आमच्या वाचनालयात ज्यांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही असे प्राध्यापक ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आणि फॉर्म भरायला मुहूर्त पाहणारे, मठात डोकं टेकवून फोटो काढून घेणारे मोठे नेते मी जितके पाहिले, तितकी आमच्या मारुतीनं माणसं पाहिली नसतील. आमचं गाव निदान पाय उचलतं. खोटं बोलतोय याची लाज कुठं तरी घोट्यापाशी शिल्लक आहे.

शनिवारी नारळ भाऊंनीच फोडला. बायको देवळात गेली नाही, पाराजवळ उभी राहिली. निळी सुती साडी, खांद्यावर नीट पिन केलेला पदर, आणि हातावर पीठ, कारण ती थेट चक्कीवरून आली होती. भाऊंनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांना दोनच अपेक्षित असावेत.

ती म्हणाली, "मी हात जोडते ते तुमाले. मारुतीले नाई जोडत, कारन त्याचं नाव मतदार यादीत नाई."

मग मागच्या बाजूला बसलेली एक म्हातारी खुदकन हसली, आणि तिच्या हसण्याला लागून दोन-चार जण हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांच्या हातात नारळाची अर्धी वाटी होती, तिच्यातलं पाणी सदऱ्यावर सांडलं तरी त्यांना कळलं नाही.

ती पुढं म्हणाली की माझ्या नावानं कोणी बेल उचलायचा नाही. शपथ घ्यायचीच असेल तर एक साधी जबान द्या. निवडून आले तर ग्रामसभेला या. मी काय करते, काय नाही, ते तोंडावर विचारा. नालीचा विषय पहिला राहील. एवढं बोलून तिनं समोरच्यांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अन् दोन्ही पाय जमिनीवर ठेवून द्या."

आता मात्र सगळे हसले, आणि हसता हसता येऊ म्हणाले. पार हसला, हापशावरच्या बाया हसल्या. आपली लबाडी एखाद्यानं चारचौघांत, पण रागावल्याशिवाय सांगितली की माणूस असं हसतो. मी गर्दीच्या कडेला उभा होतो. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं वाचली आहेत. वाचनालयात त्यांचे जाडजाड खंड आहेत, क्रमवार लावलेले. पण त्या दिवशी माझ्या छातीत जे काही फुगलं ते कोणत्या कपाटात ठेवावं हे मला कळेना.

पण निवडणूक हशावर होत नाही. समोरच्या पॅनलला आयता विषय मिळाला. देवाला नाही म्हणणारी बाई गावाला काय हो म्हणणार, असं ते घरोघर सांगू लागले. त्यांची उमेदवार आमच्याच वस्तीतली, माझ्या चुलत भावाची बायको. तिच्याही घरात तीच फ्रेम आहे, आमच्यापेक्षा मोठी. तिनं नारळ फोडला, मारुतीला तेल वाहिलं, शेंदूर लावला, आणि त्याच दिवशी दुपारी ज्वारीचा डबा घेऊन आमच्या चक्कीवर आली. दुसरी चक्की गावात नाही. दळण होईपर्यंत दोघी बोलत बसल्या. मी त्या दिवशी सुटीवर होतो, म्हणून ऐकलं.

"तुले राग आला असन," ती म्हणाली.

"कायचा राग?"

"नारळ फोडला म्या. माह्यं काही नाई वो बाई त्याच्यात. माह्या नवऱ्याले लय देव सुचून राह्यले सध्या."

बायकोनं तिला पीठ हाताला लावून दाखवलं, बारीक हवंय की असंच चालेल म्हणून. तिनं असंच चालेल म्हटलं. जाताना हलत्या दगडापाशी बायकोनं तिचा डबा हातात धरला. दोघींच्या मागं वस्तीत मात्र कुजबुज चालली होती. विहारातल्या काही जुन्या माणसांना वाटत होतं की ही निवडणूक आता आपली इभ्रत झाली आहे. बायकोला तसंही वाटत नव्हतं. तिला नाली हवी होती, आणि ती खोटं डोकं न टेकवता हवी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी मिळतील का, एवढाच तिचा प्रश्न होता.

समोरच्या पॅनलनं आपल्या बाजूनं जोर लावला. रोज संध्याकाळी बेल उचलणं सुरू झालं. शपथ घेतलेल्या प्रत्येकानं मारुतीला तेल वाहायचं आणि शेंदराचं बोट लावायचं, म्हणजे शपथेवर शिक्का. आमच्या बाजूची माणसंही गुपचूप जाऊन यायची, एका पायावर. गुरव म्हणायचा की मूर्ती धरवत नाही, हात घसरतो. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. भाऊ दर दोन दिवसांनी आमच्याकडे येऊन बसायचे आणि चहा पिऊन जायचे. शेवटी त्यांनी चहाही सोडला. आमच्या भागात माणसानं चहा सोडला की समजायचं, उमेदवार पडणार.

आणि मग खोळ पडली.

मारुतीच्या दगडावर वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर चढत जातो. त्याचं जाड कवच होतं, त्याला खोळ म्हणतात. ते फार जड झालं की आपोआप सुटतं आणि गळून पडतं. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मागची खोळ पडलेली पाहिलेली म्हातारी माणसं गावात आहेत. तरी पडते तेव्हा गाव हादरतं. मतदानाला आठवडा राहिला असताना एका सकाळी गुरवानं देऊळ उघडलं, तर मारुतीची खोळ पायाशी पडलेली, आणि आतून काळ्या दगडाचा, नाकीडोळी नीटस, बराच सडपातळ असा मूळचा मारुती उभा. पिढ्यान्‌पिढ्यांचं वजन उतरल्यामुळं असेल, पण मला तो जरा सुटल्यासारखा वाटला.

दुपारपर्यंत गावानं अर्थ लावून टाकला. मारुतीनं खोट्या शपथा अंगावरून झटकल्या. शपथा खोट्या होत्या हे सिद्ध करायची गरज नव्हती, घेणाऱ्यांना ते व्यक्तिशः ठाऊक होतं. आणि साऱ्या गावात बेल उचलू नका म्हणणारी एकच बाई होती. म्हणजे मारुतीच्या मनात कोण आहे ते उघड झालं.

भाऊ आले ते पळतच. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी चहा मागितला.

"वहिनी," ते म्हणाले, "आता तुमाले काहीच कराचं नाई. फक्त गप राह्याचं. निवडून आल्या तुमी."

बायको सुपात गहू पाखडत होती. ती म्हणाली, "मारुतीनं निवडलं म्हनता?"

"मी नाई म्हनत. लोकं म्हनून राह्यले. आपन कायले खोडाचं?"

ती पाखडत राहिली. भाऊंना तो होकार वाटला. मला तिची पाखडण्याची लय ऐकू येत होती, म्हणून मला तो होकार वाटला नाही. पण ती काय करील हे मलाही कळत नव्हतं. तिच्या हातात न मागता आलेली गोष्ट होती. तिनं नारळ फोडला नव्हता, डोकं टेकवलं नव्हतं, कोणाला फसवलं नव्हतं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असा युक्तिवाद कोणीही करू शकला असता. मी तर संदर्भांसह करू शकलो असतो. केला नाही, कारण तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर गर्दी होती. काही बायका दळण नसताना आल्या होत्या, नुसत्या पाहायला. पाराजवळ खुदकन हसली होती तीच म्हातारी डबा घेऊन आली, डबा खाली ठेवला, आणि बायकोच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. बायकोनं तिला मधेच धरलं. मग ती मागं फिरली आणि तिनं चक्कीचं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. दिवसा चक्की बंद झाली की आमच्या वस्तीत लोक घराबाहेर येतात, वीज गेली का पाहायला. सगळे बाहेर आले. तिनं म्हातारीचा हात धरला आणि वरच्या आळीकडे चालू लागली. मागून बायका, त्यांच्या मागून वस्ती, आणि शेवटी मी.

पाराजवळ खोळ लाल कपड्यात बांधून ठेवली होती, नदीत सोडायला न्यायची म्हणून. भोवती माणसं होती, भाऊही होते. तिला पाहून त्यांचा चेहरा आधी खुलला, मग तिच्या चालीकडे पाहून पडला.

तिनं आवाज चढवला नाही. चक्कीत आयुष्य गेलेल्या बाईचा आवाज मुळातच चढलेला असतो. ती म्हणाली, "हे तेलानं पडलं. रोज येऊन तुमी तेल ओतलं, शेंदूर लावला, जड झालं, सुटलं. माह्यासाठी नाई पडलं. मारुतीनं सांगतलं म्हनून कोनी मले मत देऊ नका. नाली पाह्यजे असन तं द्या, नाई तं नका देऊ."

मी गुरवाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो खोळीकडे पाहत होता. "हाव," तो म्हणाला, "जड झाली व्हती."

भाऊ पाराच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. तेवढ्यात ती म्हातारी, जिचा हात अजून बायकोच्या हातात होता, शेजारणीला म्हणाली, "पाह्य वो माय. देव पावला, तरी म्हनते मले नाई पावला. हाये का गर्व?"

आणि गर्दीतून एक समाधानाची लहर गेली. ती मला स्पष्ट दिसली. कापूस वेचताना वाऱ्यानं शेत हलतं तशी. बायकोनं पुन्हा सांगून पाहिलं की असं काही नाही, हे वजनाचं आहे. त्यानं तर खात्रीच पटली. ती जितकं नाकारत गेली तितकी ती देवाची होत गेली. शेवटी तिनं नाद सोडला आणि म्हणाली की ठीक आहे, ज्याला जे समजायचं ते समजा, पण ग्रामसभेची जबान दिलेली लक्षात आहे ना. आहे, आहे, असं सगळ्यांनी म्हटलं. कोणी तरी म्हणालं, "दोन्ही पायावर हावो आमी, पाहून घ्या." तिनं खरंच पाहून घेतलं. मीही पाहिलं. सगळे दोन्ही पायांवर होते.

ती निवडून आली. फरक फार नव्हता. जितका होता तितका भाऊंना पुरला.

त्यानंतर कित्येक दिवस मी मनाशी मोजणी करत बसलो. यातली नालीची मतं किती, मारुतीची किती, वस्तीची किती, आणि ज्याच्या ट्रॅक्टरनं नांगरट झाली त्याची किती? मतदानयंत्रात बटणासमोर चिन्ह असतं, कारण लिहायला जागा नसते. ही मला आधी त्रुटी वाटायची. आता ती यंत्राची सभ्यता वाटते. चिखलीच्या आमच्या प्राध्यापकांनी मात्र मला वाचनालयात गाठून विवेकाच्या विजयाबद्दल माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले आणि त्यांचं थकलेलं पुस्तक परत मागितलं.

मिरवणूक देवळावरून गेली. निळा आणि गुलाबी गुलाल एकमेकांत मिसळून सगळ्यांचे चेहरे वांग्याच्या रंगाचे झाले होते. पाराजवळ मिरवणूक थांबली. आता तरी ती हात जोडते का, हे पाहायला माना उंचावलेल्या होत्या. तिनं हात जोडले. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना. मग तिची चुलत जाऊ, जी हरली होती, गर्दीतून पुढं आली आणि तिनं बायकोच्या कपाळाला गुलाल लावताना कानात काही तरी सांगितलं. दोघी हसल्या. काय सांगितलं हे मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "म्हने, आता तं त्या हालत्या दगडाचं पाह्य." 

ग्रामपंचायतीत तिच्या खुर्चीला लागून माझ्यासाठीही एक खुर्ची मांडली होती. आमच्याकडे सरपंच बाईचा नवरा असणं हे जवळजवळ पदच आहे. मला लोक अचानक सायेब म्हणू लागले होते. तिनं पहिल्याच दिवशी ती खुर्ची उचलून टेबलाच्या समोरच्या बाजूला ठेवायला लावली, गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यासाठी. मला म्हणाली, तुमचं काही गाऱ्हाणं असेल तर बसा. मी वाचनालयात निघून गेलो. त्या दिवशी मोटारसायकलवर मी चिखलीपर्यंत एकटाच हसत होतो, आणि मला कोणी पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल की याचं काही तरी खूप चांगलं झालं आहे. झालंच होतं.

नालीही झाली. आज ती आमच्या दारासमोरून वाहते, पक्की, वर फरश्या टाकलेली. हलता दगड बायकोनं काढून चक्कीच्या दाराशी ठेवला आहे, त्यावर बसून बायका दळणाची वाट पाहतात. तिचा कारभार कसा चालला याबद्दल लोकांची मतं आहेत, ती ते तोंडावर सांगतात, आणि हेच तिला हवं होतं. पण कोणी मला त्या निवडणुकीबद्दल विचारलं की मला आठवतो तो तिच्या पहिल्या ग्रामसभेचा दिवस.

सूचना नियमाप्रमाणे आधीच लागली होती, दवंडी झाली होती, भोंग्यावरून दोनदा सांगून झालं होतं. पहिला विषय नाली. बायको वेळेआधी जाऊन बसली, तीच निळी साडी, समोर विषयपत्रिका, डाव्या हाताला पाण्याचा तांब्या. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसले. वस्तीतली माणसं आली, तिची जाऊ आली, गुरव थोडा वेळ डोकावला आणि मला काम आहे म्हणून निघाला. सतरंज्या मोठ्या होत्या. त्यांचे कोपरे वाऱ्यानं उलटत होते आणि ते धरून ठेवायला माणसं कमी पडत होती.

नेमका त्याच दिवशी वर देवळात मारुतीला नवा शेंदूर लावण्याचा सोहळा होता. देवानं गावाला चांगला सरपंच दिला म्हणून रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. रोडग्यांसाठीचा जाडसर गहू आदल्या दिवशी आमच्याच चक्कीवर दळला गेला होता, तेव्हा जेवायला किती माणसं आहेत याचा अंदाज तिला होता. सभेला किती येतील हेही तिला त्यावरून कळलं असणार. तरी ती आली, वेळेवर बसली, पाठ ताठ ठेवून. वरून पंगतीचा आवाज येत होता. ग्रामसेवकांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

देवानं निवडलेल्या सरपंचाची पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली.